आजचं आकाश लाल

भाडेकराराच्या कामासाठी मी पोलीस ठाण्यात बसले होते. शेजारी पाचूबंदरची एक कोळीण आणि मांडीवर ड्रोनची पेटी घेतलेला तरुण.

"हंसामावशी, साहेब ड्रोन उडवायला नाही म्हणाले."

"परवा राजोडीच्या लग्नात उडवलास तो हाच ना, चिराग?"

"तेव्हा आकाश हिरवं होतं. हिरव्यात कुणाला विचारावं लागत नाही. पिवळ्यात विमानतळवाल्यांना विचारायचं. आज मंत्र्यांचं हेलिकॉप्टर येतंय, म्हणून दिवसभर लाल केलंय. लाल म्हणजे बंद."

"वर कुठं लाल दिसतंय?"

"मोबाईलच्या नकाशात दिसतं, मावशी."

"नथूदादाची होडी उलटी गावली, त्याचा पत्ता नाय. सगळा बंदर पहाटेपासून शोधतोय. पन होडीतून लाटेमधलं डोकं दिसत नाय रे. वरून दिसलं असतं."

"साहेबांना तेच सांगितलं. अर्ज वर पाठवलाय म्हणाले."

"बंदी आमच्या पान्याला पन असते. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतो आमी. पन कोन बुडतंय कळलं, तर बंदी बघत बसतो का?"

"नाही, मावशी."

"मग?"

तो पेटीचं कुलूप उघडझाक करत राहिला. तेवढ्यात छपरावरून हेलिकॉप्टर गेलं. आवाज विरेपर्यंत मावशी छताकडे बघत राहिली.

"चिराग, हा समुद्रावरनंच आला ना?"

"हो."

"मग साहेबाला सांग, त्या हेलिकॉप्टरवाल्यांना फोन लावा. परत जाताना जरा खाली बघा म्हनावं."