रेघेखालचा चेहरा

"‘मी हाय तवर माजी तसबीर भिंतीला लावू नगंस. गेलो की लाव,’ असं म्हणलं हुतं बघ तुजं मामा."

रहिमतपूरच्या स्टँडवर अंजनाताई नावाच्या एक प्रवासी जप करत बसल्या होत्या. हे बोलणाऱ्या धोंडुबाई त्यांच्या शेजारी सांगलीच्या गाडीची वाट बघत होत्या. भाची पूजा त्यांना बसवून द्यायला आली होती.

"म्हणून परत दिली व्हय, आत्ती?"

"जित्या माणसाला कुणी भिंतीला टांगतंय? तसबीर करणाऱ्या वीरधवलला म्हणलं, ठेव तुज्याकडंच, मागनं नेईन. मी गेलेच न्हाई. त्यानं दिली दुसऱ्याला. आन् आता ह्ये गेलं."

"मग आणि एक छापायला सांगा की."

"न्हाई जमत. तांब्याच्या पत्र्यावर चेहरा कोरतुया, ठरल्यालं छाप काढतुया, आन् पत्र्यावर आडवी रेघ मारतुया. पुन्ना कुणी छापू नये म्हणून."

"आधार कार्डावरचा फोटो मोठा करू."

"त्यात चोर दिसत्यात गं! त्या छापात मिशीचा क्येस न् क्येस मोजून घ्यावा. आत्ता बोलतील वाटायचं."

"मग सांगलीला कशाला निघालाय?"

"रेघ मारल्यावर बी एक छाप काढत्यात, पत्रा बाद झाल्याची खूण म्हणून. त्यो हाय सांगलीला वीरधवलकडं."

"मामांच्या तोंडावर रेघ? बघवंल तुमाला?"

"डोळं शाबूत हायती म्हणला. गालावरनं गेलीया रेघ. गाल काय, मला रेघंखालचाबी दिसंल."

अंजनाताईंच्या बोटांतली माळ थांबली होती. सांगलीची गाडी लागली. धोंडुबाईंनी पदराच्या गाठीतला खिळा चाचपून बघितला आणि त्या गाडीत चढल्या.