भिंतीवरची रेष

माहं गाव नाकाडोंगरीकडलं जी, बाप खाणीत मजुरीले जाय, पण मी लाखनीले आलो, हायवेवर ट्रकायचं वायरिंग करणाऱ्या उस्तादाजवळ शिकलो अन् मंग तिथंच आपलं दुकान टाकलं. गोंदिया आपल्या जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच्या बऱ्याच सालानंतरची गोष्ट सांगतो, अन् ही लिहाच तुम्ही, कारण माह्या हातचं पाप दुसऱ्याच्या नावावर लागून राहिलं.

एका राइस मिलवाल्यानं नागपूरवरून जुनी स्पोर्ट गाडी आणली, लाल, दोन सीटची, जमिनीले टेकल्यासारखी. तिचा डावा लाइट गुलाबी होऊन फडफड करे. मिलवाला म्हणे, मिस्त्री, हे झेनॉन आहे, तुमच्यानं होते का नागपूरलेच नेऊ? मले राग आला. काय सांगू तुम्हाले, आपल्या साध्या बल्बात तार असते, ती तापते अन् उजेड देते; याच्यात तारच नाही. काचेच्या गोळीत झेनॉन वायू, दोन टोकं समोरासमोर, अन् बॅलास्ट नावाची डबी बॅटरीच्या बारा व्होल्टाचे हजारो व्होल्ट करून मधात ठिणगी उडवते, आभाळातल्या इजेसारखी, अन् मंग तोच उजेड थोड्या करंटवर चालू राहते. पयले निळसर, पाच सेकंदानं पांढरा सफेद. मी काचेले बोट न लावता डावा बल्ब उजवीकडं टाकला अन् उजवा डावीकडं, तर फडफडही बल्बासंगं उजवीकडं गेली. म्हणजे डबी चांगली, बल्ब म्हातारा. दोन्ही नवे टाकले.

त्या गाडीले भिंतीसमोर उभं केलं का खाली उजेड, वर अंधार, मधात सुरीनं कापल्यासारखी रेष. ती रेष समोरच्या माणसाच्या डोळ्याखाली राहिली पाहिजे. मिलवाला म्हणे, अजून दूर फेका नं. अन् मी, नागपूरचं नाव ऐकून चिडलेलो, पेचकस घेतला, लाइटामागचा स्क्रू फिरवला अन् रेष वर चढवली. मले मालूम होतं. हेच सांगाचं आहे जी, मले मालूम होतं.

त्याच आठवड्यात दिवेलागणीले सुखदेव तलावाच्या पाळीवरून, बांधावरच्या रस्त्यानं, सायकलनं घरी येत होता. सुखदेव माह्या शेजारचा, धानाची शेती, बुद्धविहारात दर रविवारी पंचशील तोच दे, तो पुढं म्हणे अन् आम्ही मागून, दारूले उभ्या जन्मात शिवला नाही. समोरून ती गाडी आली, याले काही दिसेना, सायकलीसंगं पाळीखाली गेला, मांडीचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. सायकलीवर बैलासाठी सुकलेल्या मोहफुलाची थैली होती, ती फाटली, अन् ज्याची दारू गाळतात त्या फुलायचा वास सुटला. धावून आलेले लोकं म्हणे, पंचशील देणारेच आज टाकून आले वाटते! तो म्हणे, लाल गाडी होती बाप्पा, उजेड आला अन् मंग काहीच दिसलं नाही. लोकं हासले. मी तिथंच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मिलवाल्याले काहीतरी बहाणा करून बोलावलं अन् रेष खाली आणली. पण बोललो नाही. सुखदेवचा पाय जुडला, पण तो विहारात मागच्या सतरंजीवर बसाले लागला. दारूचं पाचवं शील आलं का लोकं त्याच्याकडं पाहात.

यंदा माहं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका संध्याकाळी कोण्या मोटारसायकलचा लाइट सरळ डोळ्यात आला, मी खांब धरून उभा, अन् मागून कोणी म्हणे, बुढा पिऊन आहे.

त्या रविवारी विहारात उठलो अन् पेचकसापासून सगळं सांगितलं. सुखदेव मागून म्हणे, काहून रे, तुह्या त्या लाइटाले पाच सेकंद लागत होते नं, तुले एवढी सालं काहून लागली? सगळे हासले, तो नाही हासला. मंग हळूच म्हणे, माही घरवाली मरेपर्यंत विचारे, खरं सांगा, घेतली होती का. तिले आता कोण सांगल?



पण पुढच्या रविवारी तो काठी टेकत समोर आला अन् पाचही शीलं त्यानंच दिली. पाचव्याले आवाज जरा मोठा झाला त्याचा. मी त्याच्या मागं मागं म्हटलं, सगळ्यायनं म्हटलं.

दुकान आता माही पोरगी पाहते. माह्याहून हुशार आहे. तुमची गाडी बाहेर उभी आहे नं जी? जाण्याआधी भिंतीसमोर लावा, पोरगी रेष पाहून देते. मंग सुखानं जा.