दहा मोजेपर्यंत

नाही नाही, बसव ना तू, मी कुठं अडवलंय? सुनेनं बोलावलं, तू आलास, आता दाराला भोक पाड आणि कुलूप बसव. फक्त एवढं सांग मिस्त्री, पाकिटात चाव्या किती? दोन? वाटलंच मला. मग एक तिला दे आणि दुसरी — अरे ऐक तर, आधीच मान काय हलवतोस — दुसरी आलीच नाही म्हणून सांग. स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकघरात जायला माणसाला परवानगी लागते का? हे टेबल बघ — माझं दिवसभराचं खाणंपिणं इथंच, थर्मास, दोन डबे, बाटल्या. सकाळी आठला मुलगा-सून कामावर, नात शाळेत, आणि मी हॉल ते गॅलरी, गॅलरी ते संडास. गॅलरीलाही जाळी! का म्हणून काय विचारतोस? गॅस चालू राहिला एकदा माझ्याकडून. बस, इतकंच.

बेचाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीवर होतो मी. शाळा चौथीत सुटली, पण आग वाचता येते मला. पिझ्झा म्हणजे काय, सांग बरं? चीज? हट्! नात मोबाईलवर लावून दाखवायची — इटलीच्या कुठल्याशा राणीसाठी केला म्हणे, झेंड्याचे तीन रंग लावून. राणीचा काय संबंध? पाव लावायच्या आधी भट्टी तापली का बघायला आम्ही पिठाचा एक गोळा चापटून आत टाकायचो. फुगला, डाग पडले, की तापली. तो तुकडा काही विकायचा नसतो — मग तेल-मीठ चोळून आपणच खायचा, उभ्या उभ्या. तिकडच्या बंदरावरच्या हमालांनी दुसरं काय खाल्लं असणार? टोमॅटो नंतर आला, चीज त्याच्या नंतर, आणि राणी सगळ्यात शेवटी — फुकटची मानकरी!

घरी करायला लागतं काय? मैदा, मीठ, चिमूटभर यीस्ट, कोमट पाणी. सकाळी मळून ठेवायचं, शाळा सुटेपर्यंत दुप्पट होतं. लाटायचं नाही, थापायचं — लाटणं फिरवलं की आतली हवा मेली. ओव्हनमध्ये लोखंडी तवा पालथा घालून अर्धा तास नुसता तापवायचा. नात माझ्या शेजारी स्टुलावर. तिचा कधी गोल झालाच नाही, कायम आपला बेडकासारखा. पण थापायची काय! माझ्यासारखी — मनगटाजवळच्या तळव्यानं.

ओव्हनवर आकडे असतात, पण त्यांच्यावर कोण विश्वास ठेवतो? आम्ही भट्टीच्या तोंडात हात धरून मोजायचो. दहाला ओढावा लागला तर पावाला बरी, पाचला ओढावा लागला तर पिझ्झ्याला. तिला शिकवलं मी ते. सहा वर्षांची पोर — तिला वाटलं, जास्त मोजलं की जिंकलं. मी पाठ करून चीज किसत होतो. पाच, सहा, सात... मी म्हटलं, तापला नाही वाटतं अजून. आणि म्हणालो, शाबास. शाबास म्हणालो रे मी! मग ती थांबते होय? दहा म्हणाली आणि हात थरथरून तव्याला टेकला. रडलीसुद्धा उशिरा. गॅसबिस काही नव्हतं ते.

सुनेला मी सांगितलं, न विचारता हात घातला हिनं. पोरीनं ऐकलं. एक अक्षर बोलली नाही. दवाखान्यातही नाही.

काल पट्टी निघाली. सगळ्यांची नजर चुकवून माझ्याजवळ आली, कानात म्हणाली, “आजोबा, आता अकरा मोजू?”

...

हे काय? चावी कशाला पुढं करतोस? मी मागितली? बरं, मागितली — पण ठेव ती. खिशात टाक आधी! दोन्ही सुनेच्या हातात द्यायच्या, तिच्यादेखत. माझ्या हातात चावी दिसली तर ती पोर दुपारभर स्टूल धरून बसेल आणि मी — मी उघडीन, मला माहितीये. स्क्रू लांबवाले घाल. चारही. हं, ओढून बघ. अजून जोरात.

आणि ते शाबासचं सुनेला बोलायचं नाही. काय बघतोस? चहा विचारला असता, पण स्वयंपाकघर बंद आहे. चल, निघ.