लादीवर छान चालत होता

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझी चूक कशी? लादीवर छान चालत होता हो! तीन दिवस आईनं वॉकर घरात चालवला, स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर, दाबलं की चाले, सोडलं की थांबे... आता बाहेरचा रस्ता लादीसारखा नाही, त्याला मी काय करू? रस्ता मी बांधलाय? मी सायकली दुरुस्त करतो!

तुम्हाला सांगतो, माझी मावशी आमच्याच गल्लीत राहते, उताराच्या तळाशी, अकरा घरं सोडून. तिचे गुडघे गेलेत, चढ चढवत नाही. आणि आई एकदा पडली तेव्हापासून वॉकरवर. विकतचा वॉकर, त्याची चाकं बघा, एवढीशी, बटाट्याएवढी! गल्लीत दगड वर आलेले, दोन दगडांत चाक अडकलं की आई तिथंच उभी. चार महिने दोघी बहिणी फोनवर. 'ऐकू येतंय का गं?' 'काय?' 'ऐकू येतंय का?' संपलं बोलणं! फोन ठेवून आई खिडकीशी जाऊन बसायची.

म्हटलं, पोरगा एवढा कारागीर आणि आई घरात अडकून? बसवली वॉकरला लहान मुलांच्या सायकलची चाकं, जाड टायर, ब्रेक. आणि इथं मी डोकं चालवलं! सायकलचा ब्रेक दाबला की लागतो. आई ऐन वेळी दाबायला विसरली तर? म्हणून मी उलटं केलं. ब्रेक कायम लागलेला. दाबला की सुटणार, हात सोडला की गाडी जागच्या जागी उभी. बायको म्हणाली, "अहो, आधी उतारावर तुम्ही चालवून बघा." म्हटलं, "एकवीस वर्षं ब्रेक लावतोय, मला शिकवतेस? लादीवर छान चालतोय!"

निघालो. आई पुढे, मी मागे. चार घरं झाली, आई चक्क हसायला लागली... आणि पाचव्या घरापाशी डावं चाक दगडावर चढलं, वॉकर तिरका झाला, आई घाबरली. आता मला सांगा, घाबरलेला माणूस हात सोडतो का? अहो, गच्च धरतो! आईनं धरलं गच्च. ब्रेक सुटला. पुढे उतार!

"आई, सोड!" "सोडू? सोडलं तर पडेन रे!" "दाबू नको!" तेवढ्यात शिंपीकाका दुकानातून ओरडले, "आजी, दाबा! ब्रेक दाबा!" त्यांचं तरी काय चुकलं? सगळ्या जगाचा ब्रेक दाबून लागतो, एक माझा सोडून! आई किंचाळतेय, "ऐकू कोणाचं?" वॉकर खडखड खडखड पुढे, आईची पावलं मागून फरफटत, आणि खाली मावशीच्या दारासमोर पाइपासाठी खणलेला चर, उघडा, कमरेएवढा... आई पुन्हा पडली तर उठणं अवघड, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एक चप्पल कुठं गेली कळलं नाही. धावलो, पुढे झालो, वळलो, छाती आडवी घातली. वॉकर थांबला. मी नाही थांबलो. मी चरात!

वरून मावशीचं तोंड दिसलं. "आलात? आणि तू खाली काय करतोयस?"

दुसऱ्या दिवशी बघतो तर वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेले. ते मात्र मनाला लागलं हो. ब्रेक सरळ केला, दाबला की लागणारा, अगदी एका बोटानं. वर पाण्याचे कॅन लादून उतारावर मीच फिरवला, चौदा वेळा, शिंपीकाका मोजत होते. मग आईला म्हटलं, "आता चल."

म्हणाली, "चलते. पण तू बाजूनं चाल. लादीवर आधीचाही छान चालत होता."

तेव्हापासून रोज पाच वाजले की दुकान बंद. आईचा एक हात वॉकरवर, दुसरा माझ्या दंडात. काल मावशीनं विचारलं, "काय गं, नवा आधार बरा आहे का?" आईनं वॉकरकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाली, "चांगला आहे. दगडांवरसुद्धा हलत नाही. फक्त बोलायला लागला की बंद कुठून करायचा, तेवढं सापडत नाही."