विरुद्ध पक्षाच्या मागच्या सीटवर

माहा पाय मोडला तो शेजारच्या गजूच्या मोटरसायकलनं, हे तर तुमाले माहीतच हाये. भरपाई देणार विमा कंपनी, म्हणून आमच्या दोघात भांडण नाई. तवा यष्टीत पाय दुमडत नव्हता, तर आंजीहून वर्ध्याच्या कोर्टात दर तारखेले मले गजूच आणे, त्याच गाडीवर! वकील कपाळावर हात मारे.

"काका, ज्याच्यावर केस केली, त्याच्याच मागं बसून काऊन येता?"

"मंग तुमी येता काय मले न्याले?"

परवा एकदाची भरपाई मंजूर झाली. जीव भांड्यात पडला. गजूनं गाडीले किक मारली. म्हणे, "बसा काका, आता बिनधास्त!"

म्हटलं, "सरक मागं. पाय बरा झाला, आज गाडी मी चालवतो. मले आता पुन्हा तारखेवर याचं नाई!"