नखाला नेमकं काय घालायचं?

...अरे पण बादलीत बोटं बुडवली तर बिघडलं काय, असं मी धोंडीरामला, म्हणजे माझ्या थोरल्याला विचारत होते, आणि तो ओसरीवर नुसता नाचत होता, "आई, ते झिंक द्राक्षाचं हाय! माणसाचं नाय!"

तुम्हाला सांगते, मी शाळेची पायरी चढले नाही, अक्षरं लावली ती खताच्या पिशव्यांवरून! आणि पिशवीवर छापलंय, जस्त कमी पडलं की पान बारीक राहतं, लोह कमी पडलं की पिवळं पडतं... मग नख काय दगड आहे? अंगठ्याचं नख चिरलेलं, वर पांढरे ठिपके, आणि छाटणीनंतर वेलींचे शेंडे खुडायचे ते याच नखानं! चाळीस वर्षं खुडतेय, कात्री लावली नाही कधी! म्हणून आठ दिवस बुडवली बोटं. साल निघाली, नख तसंच. आता नखाला नेमकं काय घालायचं?

सून प्रतिभा म्हणाली, "आत्याबाई, दूध प्या, कॅल्शियम असतं." प्याले! मेडिकलवाला म्हणाला, "जस्ताची गोळी घ्या." घेतली, दिवसभर मळमळलं! शेवटी भांडत भांडतच धोंडीरामनं देवळालीला डॉक्टरकडे नेलं. त्यानं नखावर पाण्याचा थेंब ठेवला, तर थेंब ओघळेचना! नख चमच्यासारखं खोलगट! रक्त तपासून म्हणतो कसा, "आजी, लोह कमी आहे. ठिपक्यांचं सोडा, कुठं आपटलं की येतात ते."

म्हणजे जस्त नाही? दूध नाही? अहो, दरवर्षी वेलींना हिराकस, म्हणजे लोहाचंच खत, मी माझ्या हातानं कालवते, आणि लोह कमी पडलं कुणाला, तर मला! विचारलं, "फवारून चालेल का?" तर हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? "गोळ्या घ्या, नवं नख यायला सहा महिने लागतील."

सहा महिने! तोवर माल बाजारात जातो! नखाला नेमकं काय घालायचं ते कळलं, पण कळून उपयोग काय?

घरी आलो तरी धोंडीरामचं चालूच. "औंदा तू बागेत यायचंच नाय! बाया लावतो खुडायला, तू घरी बस!"

घरी? मग मी सकाळी उठायचं तरी कशाला?... नखाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं, नख गेलं तर गेलं, तोंड शाबूत आहे, शेंडे तू खूड, मी बांधावर बसून चुका सांगते."