फोनची वाट

ओहायोतल्या एका गावात, मेंदूच्या डॉक्टरकडे, लोरेटा नवऱ्याशेजारी नंबरची वाट बघत बसली होती. डेलने तिचा मोबाइल दोन्ही हातांत धरून ठेवला होता. समोर दोन म्हातारे टीव्हीकडे बघत वाद घालत होते. त्या रात्री अमेरिकन फुटबॉलचे संघ कॉलेजातली नवी पोरं पाळीपाळीने निवडणार होते, आणि निवडलेल्या पोराला संघाचा फोन जाणार होता.

"सांगून ठेवतो व्हर्न, आपला संघ परत लाइनबॅकरच उचलणार."

"पाचव्या नंबरला? अक्कल गहाण ठेवलीय का त्यांनी? लाइनबॅकर मागाहूनही मिळतात, ढिगानं."

"अरे, पण समोरून धावत येणाऱ्याला आडवा करायला कुणीतरी दांडगा नको का?"

"करतात की आडवा, चार वर्षं. मग टकरा घेऊन घेऊन डोकंच कामातून जातं. तो ह्रुस्का आठव. त्यालाही पाचवाच घेतला होता. फुकट गेला."

"लोरेटा," डेल म्हणाला, "म्हणजे मला फोन यायचा नाही का?"

"येईल हं."

"कसला फोन, भाऊ?" व्हर्नने विचारलं.

"आज निवड आहे ना. मी लाइनबॅकर. डेल ह्रुस्का. आईनं सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलंय."

व्हर्नने डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ मांडीवर फिरवत राहिला.

"मग येणारच की फोन," तो म्हणाला. "माझ्या हातात असतं तर पहिला तुलाच घेतला असता."

"ऐकलंस, लोरेटा?"

"ऐकलं."

तिने त्याच्या हातातला मोबाइल हळूच काढून घेतला आणि बंद केला.